लॅबच्या स्क्रीनवर 'ॲक्टिव्हेट विंडोज' दिसतंय? फुकटचं टूल टाकू नका

अहिल्यानगर : राहुरी, लोणी, संगमनेरला शिकणाऱ्या पोरांकडून 'व्हर्च्युअल लॅब' हा शब्द आता कानावर येतो. एका मोठ्या सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने अनेक कॉम्प्युटर तयार केलेले असतात, पोरं ते घरच्या लॅपटॉपवरूनही उघडतात.

त्यातल्या प्रत्येक विंडोजला परवाना लागतोच. विद्यापीठं सहसा एकेक चावी टाकत बसत नाहीत. 'केएमएस' नावाचा सर्व्हर सगळ्यांना मंजुरी देतो. मंजुरी १८० दिवसांची, आणि दर ७ दिवसांनी कॉम्प्युटर आपणहून नूतनीकरण मागतो. अट एकच, किमान २५ कॉम्प्युटरची मागणी आल्याशिवाय केएमएस विंडोजला मंजुरी देत नाही.

गोम इथंच आहे. एका कॉम्प्युटरच्या ५० नकला काढल्या आणि त्यांची ओळख वेगळी केली नाही, तर सर्व्हर त्यांना एकच मोजतो. सातबारा एक, झेरॉक्स पन्नास! मग कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' झळकतं. नक्कल काढण्याआधी 'सिसप्रेप' चालवणं हे लॅबवाल्यांचं काम. विद्यार्थ्याने त्यासाठी कुणाला रुपयाही द्यायचा नाही.

इंटरनेटवर मात्र केएमएसच्याच नावाची फुकट टूल फिरतात. ती आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. 'केएमएसपिको'च्या नावाखाली पासवर्ड चोरणारा 'क्रिप्टबॉट' पसरल्याचं २०२१ मध्ये उघड झालं. ज्या लॅपटॉपवर वडिलांचं बँक खातं उघडतं, त्यावर असलं काही नकोच.

स्क्रीनचा फोटो आणि कॉम्प्युटरचं नाव लॅबप्रमुखांना पाठवा. घरच्या लॅपटॉपला परवाना परवडत नसेल, तर 'उबंटू' कायदेशीर आणि मोफत मिळतं.