ई-पत्राची परीक्षा

परवान्याचे नूतनीकरण अडले आहे, आयकराचा परतावा मिळावयाचा आहे, बँकखाते आजच बंद होईल, अशा आशयाची ई-पत्रे आम्हां वैद्यांना व औषधालयचालकांना येत असतात. त्यांतील घाई हेच व्याधीचे पूर्वरूप होय.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण नित्य करतो. येथे मात्र स्पर्शन, म्हणजे दुव्यावर टिचकी मारणे, वर्ज्य समजावे. दर्शन प्रेषकाच्या पत्त्याचे करावे, आणि तेही शेवटाकडून. आरंभी ‘इन्कमटॅक्स’ असून शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ऐवजी भलतेच काही असेल, तर ते पत्र आयकर खात्याचे नव्हे.

तथापि पत्ता शुद्ध म्हणून पत्रही शुद्ध, असे नाही. काष्ठौषधी पुरविणाऱ्या व्यापाऱ्याची ई-पेटीच चोरट्याच्या हाती गेली, तर त्याच्याच पत्त्यावरून, जुन्या बिलाचा हवाला देऊन, ‘आमचे बँकखाते बदलले आहे’ असे पत्र येऊ शकते. येथे दर्शन हरते, प्रश्नच तारतो. तो पत्रास उत्तर देऊन अथवा पत्रातील क्रमांकावर विचारू नये. आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर व्यापाऱ्याशी प्रत्यक्ष बोलावे. वर्षानुवर्षांच्या ओळखीत असे विचारणे आम्हांलाही अवघड वाटते. पण सच्चा व्यापारी त्याने दुखावत नाही.

रक्कम गेलीच, तर संकोचात वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर व आपल्या बँकेस तत्काळ कळवावे. चोरट्याने पैसे काढून घेण्यापूर्वी ते गोठविता येऊ शकतात.