'एम असिस्ट' म्हणजे चीटिंग का? कंट्रोलर आणि माउसचा वाद नेमका कशावरून?

शूटर गेममध्ये समोरासमोरच्या झटापटीत मार खाल्ला की हरलेल्याच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं, 'त्याला एम असिस्ट आहे रे, त्यात काय एवढं!' जिंकणाराही मग ऐकून घेत नाही. 'माउसवर अख्खा हात वापरतोस, मी एका अंगठ्यावर खेळतोय,' असं त्याचं उत्तर असतं.

वाद गल्लीतल्या पोरांपुरता नाही. लाखो डॉलरची बक्षिसं असलेल्या जागतिक स्पर्धांतही हाच प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय आणि त्यापायी कंपन्यांना गेमचे आकडे बदलावे लागलेत. एम असिस्ट म्हणजे नेम धरायला गेमनेच खेळाडूला केलेली मदत. ती चीटिंग आहे की गरज, हे समजायला आधी हातातलं यंत्र समजून घ्यावं लागतं.

अंगठा आणि हात यांत फरक काय?

माउस सरकवला तेवढीच नजर वळते. हात थांबला की नजर थांबते. बोटाने एखादी जागा दाखवावी तसं हे काम. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात वापरता येतो आणि मोठं पॅड असेल तर सरकवायला फूटभर जागा मिळते.

कंट्रोलरच्या स्टिकचं तसं नाही. स्टिक किती ढकलली यावर नजर कुठे थांबणार हे ठरत नाही, ती किती वेगाने वळणार हे ठरतं. ही गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखी गोष्ट आहे. नेमक्या जागी थांबायचं तर अंदाज घेऊन आधीच सोडावं लागतं. त्यातून अंगठ्याला मिळणारी हालचाल जेमतेम सेंटिमीटरभर. पळणाऱ्या शत्रूच्या डोक्यावर नेम धरायचा तर हे हत्यार माउसपुढे तोकडं पडतं.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे अचूक पोचायला वेळ जास्त. एम असिस्ट हेच गणित बदलतं. पडद्यावर शत्रू तेवढाच दिसतो, पण स्टिकच्या हिशेबाने तो मोठा झालेला असतो.

मदत कशी मिळते?

मदतीचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला स्लोडाउन. नेमाची खूण शत्रूच्या जवळ आली की वळण्याचा वेग आपोआप कमी होतो, म्हणजे अंगठा पुढे घसरत नाही. दुसरा रोटेशनल. शत्रू बाजूला सरकला की तुमची नजरही थोडी त्याच्या मागे वळते. तिसऱ्या प्रकारात अगदी थोडक्यात हुकलेली गोळी लागली असं धरलं जातं.

यात नवीन काही नाही. १९९७ चा 'गोल्डनआय' आणि २००१ चा 'हेलो' या कन्सोलवरच्या गाजलेल्या गेममध्येही नेमाला मदत होतीच. तेव्हा कुणी तक्रार केली नाही, कारण समोरच्याच्या हातातही कंट्रोलरच असायचा. तक्रार वाढली क्रॉसप्लेमुळे. फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्युटी, एपेक्स लीजेंड्स अशा गेमनी कन्सोलवाले आणि पीसीवाले एकाच मैदानात आणले आणि दोन वेगळी हत्यारं समोरासमोर आली.

खरा वाद २०० मिलिसेकंदांचा

माउसवाल्यांची तक्रार स्लोडाउनबद्दल फारशी नाही, ती रोटेशनलबद्दल आहे. ती समजायला थोडा हिशेब करू.

डोळ्यांनी काही बघून हाताने हालचाल करायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. म्हणजे शत्रूने अचानक दिशा बदलली तर माउसवाल्याचा हात हलेपर्यंत १२ ते १५ चित्रं निघून गेलेली असतात. रोटेशनल असिस्टला मात्र डोळे नाहीत आणि मेंदूही नाही. शत्रू कुठे आहे हे गेमला माहीतच असतं, त्यामुळे नजर त्याच क्षणी वळायला लागते. जवळच्या लढाईत शत्रू डावी-उजवीकडे झुलत असतो. तिथे हा फरक जीव वाचवतो किंवा घेतो.

पहिल्या दोन प्रकारांतला भेद इथेच दिसतो. स्लोडाउन अंगठ्याची उणीव भरून काढतं. रोटेशनल मात्र कुठल्याही माणसाला, कितीही सराव केला तरी, जमणार नाही असं काम थोड्या प्रमाणात करून देतं.

मग कंट्रोलरवाल्याचं कौशल्य शून्य का?

अजिबात नाही. मदत सुरू होण्यासाठी नेम आधी शत्रूच्या जवळ न्यावा लागतो आणि तो अंगठ्यानेच न्यावा लागतो. एपेक्समध्ये रोटेशनल मदत मिळण्यासाठी खेळाडूने स्टिक हलवत राहावं लागतं, म्हणून मुरलेले खेळाडू डाव्या स्टिकने चालता-चालता नेम राखायला शिकतात. दूरच्या लढाईत मदत फारशी उरत नाही. दोन शत्रू एकमेकांना ओलांडून गेले तर ती भलत्याच्याच मागे ओढूही शकते. कुठे उभं राहायचं, कधी माघार घ्यायची, हे तर कुठलाच असिस्ट सांगत नाही.

माउसवाल्याचे फायदेही मोजायला हवेत. मागून गोळी आली तर तो झटक्यात वळतो, दूरचा नेम सहज धरतो, पळता-पळता सामान उचलतो. उलट चालण्यात कंट्रोलर पुढे, कारण स्टिकने कुठल्याही कोनात जाता येतं, कीबोर्डवर मात्र आठच दिशा.

तरीही वरच्या पातळीवर तराजू कुठे झुकला हे दिसलंच. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रॅले इथे एपेक्सचं जागतिक अजिंक्यपद डार्कझिरो संघाने जिंकलं. त्यातला जेनबर्टन कंट्रोलरवर खेळायचा. पुढे इम्पीरिअलहॅलसारखा माउसवर नाव कमावलेला खेळाडूही कंट्रोलरकडे वळला. पोट ज्यावर चालतं ते हत्यार माणूस हौस म्हणून बदलत नाही.

कंपन्यांनी काय केलं?

तीन वाटा निघाल्या.

पहिली, मदतीचा आकडा कमी करणं. एपेक्समध्ये ही ताकद कन्सोलवर ०.६ आणि पीसीवर ०.४ अशी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पीसीच्या सामन्यांत ती २५ टक्क्यांनी कमी केली, म्हणजे ०.४ ची ०.३ झाली.

दुसरी, मैदानंच वेगळी ठेवणं. रायट कंपनीने २०२४ मध्ये व्हॅलोरंट कन्सोलवर आणला, पण कन्सोलवाल्यांची पीसीवाल्यांशी गाठच घातली नाही. पब्जी मोबाईलनेही एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना मोबाईलवाल्यांपासून वेगळं काढलं होतं.

तिसरी, सगळ्यांच्या हातात एकच यंत्र देणं. कॉल ऑफ ड्युटी लीगचे सामने पीसीवर झाले तरी खेळाडू कंट्रोलरच धरतात. तिथे असिस्ट सगळ्यांना सारखाच, त्यामुळे भांडण नाही.

कुस्तीचा नाद असलेल्या आपल्या भागाला हे पटायला वेळ लागू नये. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग आधी वेगळे लढतात, मग दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. मातीवरचा मल्ल खोटा आणि गादीवरचा खरा, असं कुणी म्हणत नाही. नियम आधी ठरलेले असतात, एवढंच.

चीटिंग कशाला म्हणायचं?

गेमच्या सेटिंगमध्ये असलेला असिस्ट ही चीटिंग नव्हे. बाहेरून डबी जोडून तो उकळणं ही चीटिंग. झिम नावाच्या उपकरणाने माउस जोडून गेमला मात्र कंट्रोलर असल्याचं भासवता येतं. म्हणजे माउसचा वेग आणि वर असिस्ट, दोन्ही खिशात. क्रोनस झेन हे उपकरण बंदुकीचा झटका आपोआप सावरण्यासारख्या गोष्टी करतं. २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्युटी आणि रेनबो सिक्स सीज या दोन्ही गेमनी अशा उपकरणांवर कारवाई सुरू केली. पोरगं असली डबी ऑनलाइन मागवायला पैसे मागत असेल तर अकाउंट बॅन होऊ शकतं, हे घरच्यांनी लक्षात घ्यावं. त्या अकाउंटवर आधी घातलेले पैसेही मग गेलेच.

माउस-कीबोर्डवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. उलट दिशांची दोन बटणं दाबली तर शेवटचं धरायचं, असं काम आपोआप करणारे कीबोर्ड बाजारात आले, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर त्या सोयीला बंदी घालावी लागली.

मोबाईलवाल्यांनी काय करावं?

सीमाभागातली बहुतेक पोरं खेळतात मोबाईलवर. बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये एम असिस्ट चालू-बंद करता येतो. काचेवर बोट घसरतं आणि अंगठ्याने पडदाही झाकला जातो, त्यामुळे जवळच्या लढाईत त्याचा उपयोग होतो. लांबून एकाला सोडून दुसऱ्यावर नेम न्यायचा असेल तर तोच आडवा येतो. ट्रेनिंग ग्राउंडवर आठवडाभर चालू आणि आठवडाभर बंद ठेवून बघावं, मग आपलं काय ते ठरवावं.

गल्लीत किंवा कॉलेजात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी मात्र चार गोष्टी फॉर्मवरच लिहून टाकाव्यात: कुठलं यंत्र चालेल, असिस्ट चालू की बंद, बाहेरची डबी सापडली तर काय, आणि तक्रार कुणाकडे करायची. प्रवेश फी घेतल्यावर आणि फायनल हरल्यावर काढलेल्या नियमाला कुणी मान देत नाही.