विलगता, एकाकीपण आणि वृद्ध स्त्रियांचा हृद्रोग

एकटे असणे आणि एकटे वाटणे या दोन गोष्टींत व्यवहारात आपण फारसा भेद करीत नाही. मराठीत तर ‘एकटेपणा’ हा एकच शब्द दोहोंसाठी सर्रास चालतो. आरोग्यशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ही मोकळीक घेता येत नाही. पहिली गोष्ट ही स्थिती आहे. घरात कोण राहते, आठवड्यातून कितीजण भेटतात, देवळात वा मंडळात जाणे-येणे आहे काय, यांवरून तिची मोजदाद बाहेरून करता येते. दुसरी गोष्ट ही भावना असून ती जिची तिलाच ठाऊक. प्रस्तुत लेखात पहिलीस ‘सामाजिक विलगता’ आणि दुसरीस ‘एकाकीपण’ म्हटले आहे. लेकी-सुनांनी भरलेल्या घरात एखादी वृद्धा एकाकी असते, तर दुसरी एका खोलीत एकटी राहूनही समाधानी असते, हे सांगण्यास संशोधन नको. या दोहोंचा धागा हृदयापर्यंत कितपत पोचतो, हे ठरविण्यास मात्र ते हवे.

या विषयाचा आरंभ सामान्यतः कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्याच्या पाहणीपासून धरतात. १९६५ साली नोंदविलेल्या सुमारे सात हजार प्रौढांचा नऊ वर्षे मागोवा घेऊन लिसा बर्कमन व लिओनार्ड साइम यांनी १९७९ साली असे दाखविले की, ज्यांचे सामाजिक संबंध सर्वांत कमी, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण संबंध सर्वांत अधिक असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. स्त्रियांत ही तफावत पुरुषांपेक्षाही मोठी होती. परंतु त्या पाहणीत मोजले गेले ते संबंध. त्या व्यक्तींना काय वाटत होते, याचा तीत विचार नव्हता.

ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढणारा निबंध ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सान डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या दीर्घकालीन अमेरिकन अभ्यासातील ५७,८२५ स्त्रिया त्यासाठी घेतल्या. त्यांचे वय ६५ ते ९९ होते. पूर्वी हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेलेल्या स्त्रिया वगळल्या होत्या. २०११ ते २०१९ या काळात त्यांपैकी १,५९९ जणींना हृद्रोग वा रक्तवाहिन्यांचा विकार जडला. आरोग्यविषयक सवयी व प्रकृतिमान हिशेबात घेतल्यानंतरही विलगतेमुळे ८ टक्के आणि एकाकीपणामुळे ५ टक्के अधिक धोका आढळला. दोन्ही अधिक प्रमाणात असलेल्या स्त्रियांत मात्र, दोन्ही कमी असलेल्यांच्या तुलनेत, तो १३ ते २७ टक्क्यांनी अधिक होता. विलगता व एकाकीपण यांचा परस्परसंबंध क्षीण निघाला, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास या साऱ्या आकड्यांहून महत्त्वाची वाटते. एक मोजले म्हणजे दुसरे आपोआप मोजले गेले, असे यापुढे कोणास म्हणता येणार नाही.

या टक्क्यांनी दचकून जाण्याचेही कारण नाही. ते सापेक्ष आहेत. समजा, दोन्ही गोष्टी कमी असलेल्या हजार स्त्रियांपैकी तेवढ्या काळात २५ जणींना विकार जडतो. तर दोन्ही अधिक असलेल्या हजारांत ही संख्या २८ ते ३२ च्या दरम्यान जाईल. फरक खरा आहे, परंतु वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो दिसतो तेवढा मोठा नाही.

कार्यकारणाचा प्रश्न याहून बिकट आहे. सततच्या मानसिक ताणाने कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके व रक्तदाब वाढतो, शरीरात सौम्य पण चिवट दाह राहतो. शिवाय एकटीसाठी स्वयंपाक करण्याचा कंटाळा, फिरणे बंद होणे, गोळी घेतली का हे विचारणारे कोणी नसणे, हेही आहेच. हा मार्ग पटण्याजोगा आहे. पण उलट मार्गही तितकाच पटतो: गुडघे दुखतात, दम लागतो, म्हणून बाहेर जाणे थांबते. विलगता ठरविण्यासाठी त्या पाहणीत विचारलेला एक प्रश्न असा होता की, गेल्या चार आठवड्यांत शारीरिक वा भावनिक त्रासामुळे नातलग-मित्रांकडे जाण्यायेण्यात किती वेळा अडथळा आला? येथे विलगतेच्या मापातच प्रकृती शिरली आहे. सांख्यिकी दुरुस्तीने ती पुरती बाहेर काढता येईल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

आपल्याकडील विद्यार्थ्यांस यातून एक काम उघडच समोर दिसेल. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशातील ४५ व त्यांहून अधिक वयाच्या बहात्तर हजारांवर व्यक्तींची पाहणी केली असून तिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. अशा सामग्रीवर काम करताना प्रश्नांच्या भाषेकडे प्रथम पाहावे लागते. एकाकीपण मोजण्याच्या रूढ अमेरिकन प्रश्नावलीत ‘आपल्याला सहवासाची उणीव भासते का’ अशा अर्थाचा प्रश्न आहे. त्याचे भाषांतर ‘सोबत नाही असे वाटते का’ असे केले, तर मराठी वृद्धा रात्री घरात कोणी झोपायला असते की नाही, याचे उत्तर देईल. कारण ‘सोबत’ हा शब्द आपल्याकडे आधी माणसाच्या प्रत्यक्ष हजेरीचा आहे. म्हणजे भावना विचारावयास जावे आणि स्थिती पदरात पडावी. त्यापेक्षा ‘मनातले कोणापाशी बोलता?’ आणि ‘या आठवड्यात कोण येऊन गेले?’ असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून, त्यांची उत्तरे कितपत जुळतात, हे एखाद्या लहान पाहणीत आधी तपासून पाहता येईल.