पहिली आवृत्ती म्हणजे नेमकं काय?

संग्रहातलं एखादं पुस्तक विकायला काढणारा माणूस वर्णनात 'पहिली आवृत्ती' असे दोन शब्द लिहितो आणि किंमत एकदम वर चढते. घेणारा दूर कुठेतरी बसलेला असतो, पुस्तक त्याच्या हातात नसतं. तो या दोन शब्दांवरच पैसे मोजतो. तेव्हा त्यांचा अर्थ आपण आज जरा नीट पाहू.

मराठी वाचकाची अडचण पहिल्या पायरीवरच सुरू होते. आपल्याकडे 'आवृत्ती' हा शब्द दोन कामं करतो. मजकुराला हातही न लावता पुस्तक पुन्हा छापलं, तरी आत 'दुसरी आवृत्ती' लिहिलेलं आढळतं. संग्राहकांच्या काटेकोर भाषेत ते दुसरं मुद्रण. खिळे एकदा जुळवले की त्या जुळणीवरून जेवढ्या प्रती निघतील, मग त्या चार वेळा का छापलेल्या असेनात, त्या सगळ्या मिळून एक आवृत्ती. एका खेपेला यंत्रावरून उतरल्या त्या प्रती म्हणजे एक मुद्रण. मजकूर नव्याने जुळवला किंवा बराचसा बदलला, तर नवी आवृत्ती. आता बघा, पाचव्या मुद्रणाची प्रतही 'पहिली आवृत्ती'च ठरते. तसं लिहिणारा खोटं बोलत नाही. पण संग्राहक त्या शब्दांतून 'पहिलं मुद्रण' असं ऐकतो, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं!

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. कांटच्या 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथाच्या १७८१ आणि १७८७ च्या आवृत्त्यांत इतका फरक आहे, की अभ्यासक आजही ए आणि बी अशी दोन्हींची पानं वेगळी देतात.

डार्विनचं उदाहरण अधिक बोलकं आहे. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' जॉन मरे यांनी नोव्हेंबर १८५९ मध्ये काढलं, १,२५० प्रती. दुसरी आवृत्ती लगेच जानेवारी १८६० मध्ये आली, ३,००० प्रतींची. तिच्या शीर्षकपानावर मात्र 'पाचवे हजार' असं छापलेलं आहे. मग ओळखायचं कसं? पहिल्या आवृत्तीत विसाव्या पानावर 'स्पीशीज' या शब्दात एक जादा 'ई' पडला आहे. दुसरीत तो दुरुस्त झाला. दुसरीच्या शेवटच्या परिच्छेदात निर्मात्याचा उल्लेख आला, तो पहिलीत नव्हता. म्हणजे पुरावा पुस्तकाच्या पोटात असतो, पाटीवर असेलच असं नाही.

अलीकडच्या इंग्रजी पुस्तकांत शीर्षकपानामागे आकड्यांची ओळ असते. दर मुद्रणाला सगळ्यात लहान आकडा काढतात. छपाईच्या पत्र्यावरून आकडा खरवडणं सोपं, नवा घालणं कठीण, एवढंच त्यामागचं कारण. १९९७ च्या पहिल्या हॅरी पॉटरमध्ये ती ओळ १० पासून १ पर्यंत आहे. ओळीत १ आहे म्हणजे पहिलं मुद्रण, हा सर्वसाधारण नियम. पण रँडम हाऊसने बराच काळ पहिल्या मुद्रणातही ओळ २ पासून सुरू केली आणि सोबत 'पहिली आवृत्ती' हे शब्द ठेवले. दुसऱ्या मुद्रणात शब्द काढले, २ तसाच ठेवला. प्रकाशकागणिक रीत बदलते, बरं का. अमेरिकेतल्या बुक क्लबच्या प्रतींवर तर कधीकधी 'पहिली आवृत्ती' जशीच्या तशी असते. फक्त वेष्टणावर किंमत नसते, किंवा मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात लहानसा दाब उमटलेला असतो.

जुन्या मराठी पुस्तकांवर शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं. शके १८३७ म्हणजे १९१५ ही असेल, १९१६ ही. अशा वेळी शक जसा छापला आहे तसाच द्यावा.

वर्णन लिहिताना आमचा आग्रह एवढाच, की छापलेलं काय दिसतं ते आधी लिहावं आणि आपला निष्कर्ष त्यानंतर. 'दुर्मिळ, पहिली आवृत्ती' यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: 'शीर्षकपानामागे पहिली आवृत्ती असा उल्लेख, आकड्यांची ओळ ३ पासून, म्हणून तिसरं मुद्रण. वेष्टण आहे, पण किंमतीचा कोपरा कापलेला, त्यामुळे ते याच मुद्रणाचं आहे का हे ठरवता आलं नाही. पहिल्या कोऱ्या पानावर आधीच्या मालकाची सही.'