इनकॉग्निटो लावलं म्हणजे कुणी बघत नाही?



"सर, पॅकिंग मशीनचे भाव इनकॉग्निटोमध्ये बघितले, तरी त्याच मशीनच्या जाहिराती का येतात?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. सरळ उत्तर: ब्राउझरच्या सेटिंग्जमुळे आपला माग काढणं कमी होतं, पूर्ण थांबत नाही. कुठली सेटिंग काय करते, ते बघूया.

1. इनकॉग्निटो
सगळ्या इनकॉग्निटो विंडो बंद केल्या की तिथली हिस्टरी आणि कुकीज तुमच्या कॉम्प्युटरवरून पुसल्या जातात. दुकानातल्या दुसऱ्या माणसाला त्या दिसत नाहीत, एवढाच फायदा. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते त्या साइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळतंच. आणि तिथेच जीमेल उघडलंत, तर आपण कोण ते गूगलला आपणच सांगितलं! याच मोडवरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला. 2024 मध्ये तडजोड करताना कंपनीने अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं.

2. डू नॉट ट्रॅक
ही नुसती विनंती आहे. 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावण्यासारखं. बहुतेक साइट्स ती पाळत नाहीत. फायरफॉक्सने तर 2025 मध्ये ही सेटिंगच काढून टाकली.

3. थर्ड-पार्टी कुकीज बंद करणं
याचा खरा उपयोग होतो. समजा, बाजारातल्या प्रत्येक दुकानात एकाच माणसाने आपली वही ठेवलीय आणि तुम्ही कुठे काय बघितलं ते तो लिहितोय. जाहिरात कंपनीची कुकी हेच काम करते. सफारी 2020 पासून ती आपोआप अडवतं. क्रोमने मात्र सरसकट बंद करण्याचा बेत 2024 मध्ये सोडला, म्हणून तिथे आपणच सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची.

मग उरतं काय?
लॉगिन, आयपी ॲड्रेस आणि फिंगरप्रिंटिंग. फिंगरप्रिंटिंग म्हणजे स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइम झोन अशा बारीक खुणा जुळवून तुमचं डिव्हाइस ओळखणं. कुकी पुसली तरी या खुणा राहतात.

आज एवढं करा
- धंद्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल ठेवा. घरचं आणि दुकानाचं मिसळू नका.
- क्रोममध्ये थर्ड-पार्टी कुकीज बंद करा.
- गूगल खात्यात 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'ला 3 महिन्यांचं ऑटो-डिलीट लावा.
- भाव बघताना गरज नसेल तर लॉगिन करू नका.

आता तुमच्या गल्ल्याचा प्रश्न
तुमच्या वेबसाइटवर मेटा पिक्सेल असेल, तर ग्राहकाचा माग काढणाऱ्यांत तुम्हीही आलात. ज्या ग्राहकांनी ट्रॅकिंग अडवलंय, त्यांच्या काही ऑर्डर जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये येतच नाहीत. समजा, रिपोर्ट 6 ऑर्डर दाखवतोय आणि वहीत त्याच जाहिरातीच्या 10 आहेत. नुसता रिपोर्ट बघून जाहिरात बंद केलीत, तर चालता धंदा बंद केल्यासारखं होईल. म्हणून दर आठवड्याला वहीशी ताळा करा आणि नवीन ग्राहकाला विचारा, "आमचं नाव कुठे कळलं?" हे उत्तर कुठलीही सेटिंग अडवू शकत नाही.

आणि हो, ग्राहकाचा नंबर घेताना कशासाठी घेतोय ते सांगा, त्याची परवानगी घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

सेटिंग्ज कुठे सापडतात ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. मोबाईल हातात घ्या आणि बघता बघताच करून टाका!