बिल्ला खरा की बनावट?

लोणारला सहल गेली की एखादा विद्यार्थी विचारतोच, "हे विवर ज्वालामुखीचे नाही कशावरून?" प्रश्न योग्य आहे. बुलडाणा जिल्ह्यातील हे विवर बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या खडकातच आहे. नुसता आकार पाहून वाद मिटणे शक्य नव्हते. तेथील खडकात प्रचंड धक्क्याने काचेसारखे झालेले खनिज, मॅस्केलिनाइट, सापडले. याबद्दलचे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. असे खनिज ज्वालामुखीत तयार होत नाही. त्यामुळे हे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे मान्य झाले.

रूपावर न जाता पदार्थाची साक्ष काढण्याची हीच रीत आपण एका वेगळ्या वस्तूला लावून पाहू. ती वस्तू म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बिल्ले आणि पदके. संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात, म्हणून बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. यात आपलाही इतिहास गुंतला आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत उभारलेल्या भारतीय सैन्याच्या बाहीवर तिरंगी पट्टे आणि झेप घेणारा वाघ असलेला कापडी बिल्ला असे. त्याच्याही नकला होतात.

पहिली चाचणी धातूची. युद्ध लांबले तसे जर्मनीत तांबे व निकेल दुर्मिळ झाले आणि बिल्ले जस्ताचे होऊ लागले. समजा, एका बिल्ल्याचे हवेतील वजन २८.४ ग्रॅम आहे आणि पाण्यात ते ४.० ग्रॅमने घटते. २८.४ ला ४.० ने भागले की घनता ७.१ येते. ती जस्ताची आहे. पितळेची घनता सुमारे ८.५ असते.

दुसरी चाचणी घडणीची. अस्सल धातूचे बिल्ले बहुधा ठशाखाली दाबून काढलेले असत. त्यांच्या कडा आणि बारीक रेषा स्वच्छ दिसतात. अस्सलावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत भिंगाखाली हवेचे बारीक खड्डे दिसतात. धातू थिजताना आकसतो, त्यामुळे अशी नक्कल किंचित लहानही भरते.

तिसरी चाचणी कापडाची. कापड अधिक शुभ्र दिसावे म्हणून वापरली जाणारी चकाकी-द्रव्ये युद्धानंतर सर्रास झाली. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकतात. चमकणारा धागा दिसला की संशय घ्यावा. पण येथे घाई नको. अस्सल बिल्ला नंतर कोणी धुण्याच्या पावडरने धुतला असेल, तर तोही चमकेल!

याउलट सर्व चाचण्यांत उतरलेला बिल्लाही अस्सल असेलच असे नाही. जस्त आजही मिळते, आणि युद्धानंतर काही पदके जुन्याच ठशांतून काढली गेली. त्यांची घनता आणि घडण अस्सलासारखीच असणार. म्हणजे चाचणी बनावट माल पकडू शकते, अस्सलपणाचा दाखला देऊ शकत नाही. लोणारच्या खडकाने कोणाला फसवायचे ठरवले नव्हते. नक्कल करणारा मात्र आपल्या चाचण्या जाणून असतो. म्हणून वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, याची नोंद प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची ठरते.

वर्गात हा प्रयोग करण्यासाठी जर्मन बिल्ला लागत नाही. आपल्याकडचे जुने रुपये पुरतात. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात आधी सुमारे ९२ टक्के चांदी होती. युद्धकाळात, १९४० मध्ये, ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. त्याला लोहचुंबक चिकटतो. विद्यार्थ्यांना आधी नुसते पाहून अंदाज लिहायला सांगावे, मग लोहचुंबक आणि तराजू हाती द्यावा. प्रत्येक निष्कर्षापुढे "नक्की" की "शक्य" हेही लिहून घ्यावे. आमच्या मते खरा धडा त्या शेवटच्या रकान्यात आहे.