हवेतला किरणोत्सार : पहाटे जास्त, दुपारी कमी, असं का?



'किरणोत्सार' म्हटलं की डोळ्यांसमोर अणुबॉम्ब नाहीतर अणुभट्टी येते. पण आत्ता तुम्ही जो श्वास घेतलात, त्यातही थोडासा किरणोत्सर्गी वायू होता. घाबरू नका! माणूस पृथ्वीवर आला त्याच्या कितीतरी आधीपासून तो हवेत आहे. त्याचं नाव रेडॉन.

रेडॉन येतो कुठून?

माती आणि खडकात युरेनियम अगदी थोड्या प्रमाणात असतं. ते हळूहळू विघटित होतं, त्यातून पुढे रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन बनतो. त्याला रंग नाही, वास नाही. जमिनीच्या फटींतून तो वर येतो. साधारण ३.८ दिवसांत तो निम्मा उरतो.

उघड्या हवेत त्याचं प्रमाण साधारणपणे दर घनमीटरला ५ ते १५ बेकरेल असतं. म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा हवेच्या खोक्यात दर सेकंदाला रेडॉनचे ५ ते १५ अणू फुटतात. पण हा आकडा दिवसभर सारखा राहत नाही.

पहाट आणि दुपार

हिवाळ्यात सकाळी शेकोटीचा धूर बघितलाय ना? वर जायचं सोडून तो जमिनीलगत आडवा पसरतो. निरभ्र, शांत रात्री जमीन थंड होते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर मात्र उबदार हवा असते. भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. जणू हवेवर झाकणच बसतं! जमिनीतून येणारा रेडॉन रात्रभर या झाकणाखाली साठतो. म्हणून पहाटे तो सर्वांत जास्त असतो.

ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उठते, झाकण उघडतं. दुपारी रेडॉन सर्वांत कमी. जमीन रेडॉन जवळपास तेवढाच सोडते, फक्त तो जास्त हवेत मिसळतो. एक चमचा साखर तांब्यात टाकली आणि हंड्यात टाकली, तर गोडी सारखी लागेल का? तसंच हे.

पावसाची गंमत

रेडॉन फुटला की पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे किरणोत्सर्गी अणू तयार होतात आणि धूलिकणांना चिकटतात. पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. त्यामुळे जमिनीवरच्या मापकाचा आकडा एकदम वाढतो. सी. टी. आर. विल्सन या शास्त्रज्ञाने १९०२ साली ताजं पावसाचं पाणी आटवलं, तेव्हा मागे उरलेला थर किरणोत्सर्गी निघाला. पण अर्ध्या तासात त्याचा प्रभाव निम्मा झाला. म्हणूनच पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत मापकाचा आकडा पूर्ववत होतो.

उलट, भिजलेल्या मातीच्या फटी पाण्याने भरतात आणि रेडॉन आतच अडकतो. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो, आणि समुद्रातून रेडॉन फारच कमी निघतो. त्यामुळे पावसाळ्यात हवेतला रेडॉन घटतो, हिवाळ्यात वाढतो.

मग लक्षात काय ठेवायचं?

'पावसानंतर रेडिएशन वाढलं!' असा मेसेज मोबाईलवर आला तर लगेच पुढे पाठवू नका. आधी विचारा: कधी मोजलं? पहाटे की दुपारी? पाऊस पडत होता का? वेळ आणि हवामान सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नसतो.

खरी काळजी घ्यायची ती बंद घरात. तिथे रेडॉन साठू शकतो आणि वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात श्वासावाटे गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उपाय सोपा आहे : खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा.

करून बघा : आठवडाभर सकाळी ७ आणि दुपारी ३ वाजता लांबून दिसणारा धूर कसा जातो, सरळ वर की आडवा, ते वहीत लिहा. रेडॉन दिसत नाही, पण हवेवर झाकण आहे की नाही, हे धूर तुम्हाला सांगेल!